विद्यार्थी केंद्र कोणाचे? मद्रासमधील वसतिगृहे, पंगती आणि ग्रंथालये यांचा इतिहास

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या प्रवेशाच्या वेळी मिळालेली शुल्काची पावती एकदा नीट वाचा. शिकवणी शुल्काच्या खाली ग्रंथालय शुल्क, जिमखाना शुल्क, विद्यार्थी कल्याण निधी, वैद्यकीय तपासणी शुल्क अशा लहान लहान रकमा असतात. बहुतेक विद्यार्थी एकूण रक्कम पाहतात आणि पावती फाईलमध्ये ठेवून देतात. ज्या सोयींसाठी ही रक्कम घेतली जाते, त्यांना एकत्रितपणे आपण 'विद्यार्थी केंद्र' म्हणू. काही विद्यापीठांत त्यासाठी स्वतंत्र इमारत असते. काही ठिकाणी वाचनकक्ष एका इमारतीत, उपाहारगृह दुसरीकडे आणि जिमखाना मैदानाच्या टोकाला असतो. इमारत एक असो वा अनेक, त्यामागची कल्पना एकच आहे: वर्गाबाहेरचा वेळ हासुद्धा शिक्षणाचा भाग आहे.

ही कल्पना आज साधी वाटते. परंतु विद्यार्थ्याला राहायला खोली, इतरांबरोबर बसून जेवण, हाताने कपाटातून पुस्तक घेण्याची मुभा आणि संध्याकाळी बसायला जागा या गोष्टी आपल्या देशात आपोआप मिळालेल्या नाहीत. या पाठात आपण हा इतिहास मुख्यतः मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई शहराच्या आधारे पाहणार आहोत. यातील जवळजवळ प्रत्येक सोयीसंबंधी तेथे एखादी महत्त्वाची घटना घडली आहे. जिथे महाराष्ट्राशी तुलना उपयोगी पडते, तिथे ती केली आहे.

पाठाचे मुख्य सूत्र असे: सोय कोणी बांधली यापेक्षा तिच्या दारातून कोणाला आत जाता आले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आणि एकदा उघडलेले दार वापरामुळेच उघडे राहते.

१. परीक्षा घेणारे विद्यापीठ

इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे १८१५ मध्ये आणि ऑक्सफर्ड येथे १८२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या वादविवाद मंडळांना सुरुवात झाली. त्यांना 'युनियन' म्हणत. सभागृह, वाचनालय आणि गप्पांच्या खोल्या या मंडळांभोवती हळूहळू उभ्या राहिल्या. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १८९६ मध्ये ह्यूस्टन हॉल ही खास विद्यार्थ्यांसाठीची इमारत उघडली. ती त्या देशातील पहिली विद्यार्थी केंद्राची इमारत मानली जाते.

भारतात परिस्थिती वेगळी होती. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली. ती शिकवत नसत. संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची परीक्षा घेणे आणि पदवी देणे एवढेच त्यांचे काम होते. मद्रास विद्यापीठाचे सिनेट हाऊस रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाने बांधले आणि १८७९ मध्ये ते पूर्ण झाले. समुद्रकिनाऱ्यावरची ही देखणी वास्तू सभा, समारंभ आणि परीक्षा यांसाठी होती. विद्यार्थी तेथे परीक्षा देण्यापुरता येई आणि निघून जाई.

मग विद्यार्थी राहत कुठे? तंजावर, तिरुनेलवेली किंवा आंध्र भागातून आलेला मुलगा ट्रिप्लिकेन, मैलापूर किंवा जॉर्ज टाऊन भागात नातेवाइकाच्या घरी उतरे, नाहीतर भाड्याची खोली शोधे आणि खाणावळीत जेवे. म्हणजे शहरात आपल्या जातीचे, ओळखीचे घर असणे ही शिक्षणाची न लिहिलेली अट होती.

ही पोकळी भरण्याचा एक प्रयत्न मिशनरी संस्थांनी केला. वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेने १८९० मध्ये मद्रासमध्ये काम सुरू केले. फिलाडेल्फियाचे व्यापारी जॉन वनामेकर यांच्या देणगीतून एस्प्लनेड भागात तिची इमारत उभी राहिली. वाचनाची खोली, व्याख्यानांचे सभागृह आणि खेळ यांचा लाभ शहरातील तरुण घेऊ लागले. याच संघटनेच्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासमध्ये शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षण देणारी संस्था सुरू केली. आज महाविद्यालयीन जिमखान्यात आपण बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल खेळतो. हे दोन्ही खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील वाय.एम.सी.ए.च्या व्यायामशाळांत जन्माला आले आणि बऱ्याच अंशी याच मार्गाने भारतात पोहोचले.

दुसरा प्रयत्न शहरातील सुशिक्षितांचा होता. मैलापूरच्या लूझ भागातील रानडे ग्रंथालय हे त्याचे उदाहरण. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ मध्ये निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ पुढच्या काही वर्षांत मद्रासच्या वकील मंडळींनी हे ग्रंथालय उभे केले. एका मराठी विचारवंताचे स्मारक मद्रासमध्ये पुतळ्याच्या रूपाने न होता वाचनाच्या जागेच्या रूपाने झाले, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

२. खोली मिळत नाही: द्रविडियन होम, १९१४

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्राह्मणेतर कुटुंबांतील मुले मोठ्या संख्येने मद्रासला शिकायला येऊ लागली. त्यांची पहिली अडचण अभ्यासक्रमाची नव्हती, तर राहण्या-जेवणाची होती. शहरातील अनेक खाणावळी आणि वसतिगृहे ब्राह्मणांनी ब्राह्मणांसाठी चालवलेली होती. काही ठिकाणी इतरांना प्रवेश नसे, तर काही ठिकाणी त्यांनी वेगळे बसावे अशी अपेक्षा असे.

ट्रिप्लिकेनमध्ये डॉ. सी. नटेश मुदलियार हे वैद्यकीय व्यवसाय करत. त्यांनी १९१४ मध्ये ब्राह्मणेतर विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू केले. त्याचे नाव 'द्रविडियन होम'. तेथे राहण्याची सोय तर होतीच, शिवाय चर्चा, व्याख्याने आणि वाचनही चाले. म्हणजे आजच्या भाषेत ते एक लहानसे विद्यार्थी केंद्र होते. पुढे स्वतंत्र भारताचे पहिले अर्थमंत्री झालेले आर. के. षण्मुखम चेट्टी हे या गृहाशी संबंधित असलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९१६ मध्ये, डॉ. नटेश मुदलियार, टी. एम. नायर आणि पी. त्यागराय चेट्टी यांनी एकत्र येऊन जी संघटना स्थापली, ती पुढे 'जस्टिस पार्टी' म्हणून ओळखली गेली. १९२० च्या निवडणुकीनंतर या पक्षाने मद्रास प्रांतात सरकार बनवले. जस्टिस पार्टीच्या उदयाची कारणे अनेक आहेत: सरकारी नोकऱ्यांतील विषमता, होमरूल चळवळीविषयीची शंका, जमीनदार आणि व्यापारी वर्गाचे हितसंबंध. एका वसतिगृहातून पक्ष जन्मला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण खोली न मिळणारा विद्यार्थी हा त्या राजकारणाचा एक जिवंत पुरावा होता, हे मात्र खरे. परीक्षेत या प्रश्नाचे उत्तर लिहिताना हा फरक सांभाळा.

महाराष्ट्रात याच काळात असाच प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवला जात होता. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि त्यानंतर जैन, मुस्लीम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या जाती अशा वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी राहण्यास मदत केली. मद्रासमध्ये हे काम खासगी डॉक्टरने केले, कोल्हापुरात संस्थानाच्या तिजोरीने. दोन्हीकडे निदान सारखेच होते: फी माफ करून भागत नाही, शहरात डोके टेकायला जागा लागते.

३. पंगतीचा प्रश्न: चेरनमहादेवी आणि सातारा

एकाच छपराखाली राहणारे विद्यार्थी एकत्र जेवतात का, हा पुढचा प्रश्न. क्रांतिकारक आणि तमिळ लेखक व्ही. व्ही. एस. अय्यर यांनी तिरुनेलवेली जिल्ह्यात एक गुरुकुल चालवले. ते चेरनमहादेवी गुरुकुल म्हणून प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय शिक्षण देणे हा त्याचा हेतू होता आणि काँग्रेसने त्याला आर्थिक मदत केली होती. तेथे दोन ब्राह्मण मुलांना पालकांच्या आग्रहामुळे वेगळे जेवण दिले जाते, ही गोष्ट १९२४ च्या सुमारास बाहेर आली. पी. वरदराजुलू नायडू आणि ई. व्ही. रामस्वामी, म्हणजे पेरियार, यांनी यावर आक्षेप घेतला. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत पंक्तिभेद कसा चालेल, असा त्यांचा प्रश्न होता. वाद महात्मा गांधींपर्यंत गेला आणि अय्यर यांनी १९२५ मध्ये संस्थेची जबाबदारी सोडली. त्याच वर्षी कांचीपुरमच्या परिषदेनंतर पेरियार काँग्रेसमधून बाहेर पडले. आधुनिक तमिळ राजकारणाच्या इतिहासात दोन मुलांच्या ताटांचा हा वाद म्हणूनच टाळता येत नाही.

याच सुमारास, १९२४ मध्ये, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीत जेवत. बोर्डिंग चालवण्यासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने दिले. गांधीजींनी १९२७ मध्ये या वसतिगृहाला भेट दिली आणि त्याला 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव देण्यात आले. आज महाराष्ट्रातील विद्यापीठांत 'कमवा आणि शिका' योजना आहे. तुमच्यापैकी अनेकांनी तिच्याखाली ग्रंथालयात किंवा कार्यालयात काही तास काम केले असेल. तिची मुळे याच बोर्डिंगच्या शिस्तीत आहेत.

चेरनमहादेवी आणि सातारा यांची तुलना करताना एक गोष्ट पाहा. दोन्ही ठिकाणी हेतू उदात्त होता. फरक पडला तो रोजच्या व्यवस्थेमुळे: कोण कुठे बसतो, कोण वाढतो, भांडी कोण घासतो. संस्थेचे ध्येय फलकावर लिहिलेले असते. ते पाळले जाते की नाही, हे मेसमध्ये कळते.

४. कपाट उघडते: रंगनाथन यांचे ग्रंथालय

प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे एस. आर. रंगनाथन जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. सुरुवातीला त्यांना हे काम कंटाळवाणे वाटले. ग्रंथालयात फारसे कोणी फिरकत नसे. मग ते लंडनला शिक्षणासाठी गेले आणि तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून वेगळी दृष्टी घेऊन परतले.

तोपर्यंत आपल्याकडे ग्रंथालयाची सर्वसाधारण पद्धत अशी होती: वाचकाने चिठ्ठी द्यायची, शिपायाने कुलूपबंद कपाटातून पुस्तक आणून द्यायचे. पुस्तक जपणे हे ग्रंथपालाचे मुख्य कर्तव्य समजले जाई, कारण हरवलेल्या पुस्तकाचा हिशेब त्याला द्यावा लागे. रंगनाथन यांनी कपाटे वाचकांसाठी खुली केली, ग्रंथालयाचे तास वाढवले आणि वाचकाला मदत करणारा कर्मचारी ही कल्पना रुजवली. चिठ्ठी देऊन हवे ते पुस्तक मागता येते, पण ज्याचे नावच माहीत नाही ते पुस्तक मागता येत नाही. खुल्या कपाटापुढे उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला मात्र शेजारचे पुस्तकही दिसते. ज्याच्या घरात पुस्तके नाहीत, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

त्यांचे 'ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत' हे पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील पहिला सिद्धांत ग्रंथ वापरासाठी असतात, असे सांगतो. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा आणि ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे, असा उरलेल्या चार सिद्धांतांचा आशय आहे. 'ग्रंथालय' या शब्दाच्या जागी 'विद्यार्थी केंद्र' घालून हे सिद्धांत पुन्हा वाचा. ते तितकेच लागू पडतात.

रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून १९४८ मध्ये मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. स्वतंत्र भारतातील तो या प्रकारचा पहिला कायदा. महाराष्ट्राचा कायदा १९६७ मध्ये आला.

५. मुलींसाठी जागा: क्वीन मेरीज कॉलेज

द्रविडियन होम सुरू झाले त्याच वर्षी, १९१४ मध्ये, मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर मुलींसाठी सरकारी महाविद्यालय सुरू झाले. डोरोथी दे ला हे या त्याच्या पहिल्या प्राचार्या. काही वर्षांनी त्याचे नाव क्वीन मेरीज कॉलेज झाले. मुलीला शिकायला परगावी पाठवायचे तर ती राहील कुठे, हा प्रत्येक घरातला पहिला प्रश्न असे. त्यामुळे वसतिगृह ही या महाविद्यालयाची अत्यावश्यक गरज होती.

या कथेचा दुसरा भाग २००३ मधला आहे. राज्य सरकारने महाविद्यालयाच्या जागेवर नवे सचिवालय बांधण्याचे ठरवले. विद्यार्थिनींनी आवार सोडण्यास नकार देऊन आंदोलन केले. माजी विद्यार्थिनी, अध्यापक आणि राजकीय पक्ष त्यात सहभागी झाले, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर ती योजना मागे पडली. महाविद्यालय आजही त्याच जागी आहे.

६. स्वातंत्र्यानंतर: आयोग, अनुदान आणि कायदे

डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे विद्यार्थी आणि पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजातील अध्यापक होते. त्यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ मध्ये अहवाल दिला. मद्रास विद्यापीठाचे दीर्घकाळचे कुलगुरू ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार हेही या आयोगाचे सदस्य होते. आरोग्य तपासणी, माफक दरातील जेवण, वसतिगृहे, खेळ आणि विद्यार्थी कल्याण यांचा अहवालात स्वतंत्रपणे विचार केलेला आहे.

त्यानंतर १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने काम केले. त्याचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. विद्यार्थ्यांना दिल्या जाणाऱ्या सेवा हे केवळ कल्याणकार्य नसून शिक्षणाचाच भाग आहे, अशी भूमिका या आयोगाने घेतली. वसतिगृहात न राहणाऱ्या, घरी अभ्यासाला जागा नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी दिवसभर बसता येईल अशी अभ्यास केंद्रे आणि त्यांच्याजवळ स्वस्त उपाहारगृहे असावीत, अशी त्याची शिफारस होती. सकाळी लोकलने किंवा एस.टी.ने येऊन दोन तासिकांमधला वेळ जिन्यात बसून काढणाऱ्या विद्यार्थ्याला या शिफारशीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने १९५९ मध्ये सुरू झालेल्या आय.आय.टी. मद्रासमध्ये निवासी जीवन सुरुवातीपासून रचनेचा भाग होते. तेथील वसतिगृहांना नद्यांची नावे आहेत. कावेरी आणि कृष्णा यांच्याबरोबर गोदावरी, नर्मदा आणि तापी याही तेथे भेटतात. खुले नाट्यगृह हे त्या आवारातील एकत्र येण्याचे मुख्य ठिकाण.

वसतिगृह मात्र भीतीची जागाही होऊ शकते. चिदंबरम येथे १९९६ मध्ये वैद्यकीय शाखेच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याची हत्या झाली. त्यानंतर तमिळनाडूने १९९७ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशभर लागू असलेले नियम २००९ चे. दार उघडे असणे पुरेसे नाही, आत गेलेला विद्यार्थी सुरक्षित असला पाहिजे, ही जाणीव या कायद्यांमागे आहे.

७. एक अलीकडचे उदाहरण

चेन्नईच्या कोट्टूरपुरम भागात सप्टेंबर २०१० मध्ये अण्णा शताब्दी ग्रंथालय सुरू झाले. सुमारे बारा लाख पुस्तके मावतील अशी त्याची रचना आहे. ब्रेल विभाग आहे, मुलांचा विभाग आहे आणि स्वतःची पुस्तके आणून वाचण्यासाठी वेगळा कक्ष आहे. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे विद्यार्थी तेथे दिवसभर बसतात. पुढच्याच वर्षी, सत्ताबदलानंतर, या इमारतीत मुलांचे रुग्णालय करण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. वाचकांनी आणि लेखकांनी विरोध केला, मद्रास उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि ग्रंथालय टिकले. रुग्णालयही समाजोपयोगीच आहे, त्यामुळे वाद चांगले विरुद्ध वाईट असा सरळ नव्हता. परंतु रोज येणारे वाचक असल्यामुळे या जागेची बाजू मांडायला माणसे होती. रिकाम्या ग्रंथालयाची बाजू कोणी मांडली असती?

८. आपले केंद्र वापरताना

हा इतिहास तुमच्या आवाराला कसा लागू पडतो? पुढील गोष्टी करून पाहा.

- पहिल्या महिन्यातच ग्रंथालय, वाचनकक्ष, जिमखाना, आरोग्य केंद्र आणि विद्यार्थी विकास विभाग कुठे आहेत, त्यांच्या वेळा काय आहेत, हे स्वतः जाऊन पाहा. ओळखपत्र आणि ग्रंथालयाचे कार्ड जवळ ठेवा.
- सभागृह किंवा खोली मंडळाच्या कार्यक्रमासाठी हवी असेल तर लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. नकार मिळाल्यास कारणही लेखी मागा.
- वेळा गैरसोयीच्या असतील तर एकट्याने कुरकुर करण्यापेक्षा सह्यांचे निवेदन द्या. वाचनकक्षाच्या वेळा वाढण्यामागे बहुधा असेच एखादे निवेदन असते.
- तक्रार असेल तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार अशी समिती आणि विद्यापीठ पातळीवर लोकपाल असणे अपेक्षित आहे.
- जिना चढू न शकणारा, ऐकू न येणारा किंवा दृष्टिहीन मित्र ही सोय वापरू शकतो का, हे पाहा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, पण उतार कुठे नाही हे रोज तेथून जाणाऱ्यालाच आधी दिसते.
- उपाहारगृहात किंवा मेसमध्ये कोण कोणाबरोबर बसते, याकडे लक्ष द्या. नियम नसतानाही पंगती पडतात. शिक्षणासाठी परराज्यात गेला असाल, तर मराठी मुलांच्या टेबलावरून कधीतरी उठून दुसऱ्या टेबलावर जा.

सारांश

मद्रासच्या परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठात विद्यार्थ्याच्या राहण्या-वावरण्याला जागा नव्हती. मिशनरी संस्था, शहरातील सुशिक्षित, समाजसुधारक आणि शेवटी शासन यांनी ती पोकळी टप्प्याटप्प्याने भरली. द्रविडियन होमने खोलीचा, चेरनमहादेवीने पंगतीचा, रंगनाथन यांनी कपाटाचा आणि क्वीन मेरीजच्या विद्यार्थिनींनी जागेचा प्रश्न समोर आणला. प्रत्येक वेळी दार कोणीतरी मागितले म्हणून उघडले, आणि लोक आत येत राहिले म्हणून उघडे राहिले.

स्वाध्याय

१. १८५७ च्या विद्यापीठांचे स्वरूप आणि विद्यार्थ्यांच्या निवासाचा प्रश्न यांचा संबंध स्पष्ट करा.

२. चेरनमहादेवी गुरुकुल आणि साताऱ्याचे वसतिगृह यांची तुलना करा.

३. खुल्या कपाटांच्या पद्धतीचा पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना कोणता लाभ होतो?

४. तुमच्या महाविद्यालयातील कोणत्याही एका सोयीचा इतिहास जुन्या वार्षिक अंकांतून आणि सेवानिवृत्त कर्मचाऱ्यांशी बोलून शोधा. ती कधी, कोणाच्या मागणीवरून सुरू झाली आणि सुरुवातीला कोणाला वापरता येत होती, यावर ३०० शब्दांत टिपण लिहा.